मुलगी सातवीत आहे, धडा चार-चार वेळा वाचते, तरी परीक्षेत आठवत नाही. काय करावं?

तुमची लेक कमी पडत नाहीये, अभ्यासाची पद्धत कमी पडतेय. तोच धडा पुन्हा वाचला की ओळखीचा वाटतो आणि मुलांना वाटतं, ‘येतंय मला’. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांनी एक छोटा उतारा दुसऱ्यांदा वाचला, दुसरा एक न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. ज्यांना पाच मिनिटांनी विचारलं, त्यांना पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. ज्यांना आठवड्याने विचारलं, त्यांना मात्र पुन्हा वाचलेला ४२ टक्केच आठवला, लिहून काढलेला ५६. आणि लिहिलेलं कुणी तपासूनही दिलं नव्हतं!

भांडुपच्या आमच्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही. संध्याकाळी मी पोळ्या लाटते, मुलगा ओट्याला टेकून, पुस्तक मिटून धडा सांगतो. अडला की मी लगेच सांगत नाही. तो डोळे मिटून कपाळावर बोट आपटत राहतो, बऱ्याचदा आठवतंच. नाहीच आठवलं तर पुस्तक उघडतो. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा.

फक्त एक कळकळीची विनंती, याची तोंडी परीक्षा करू नका. चुकलं की ओरडा बसणार हे कळलं की मूल सांगायचंच थांबतं. सुरुवातीला माझ्याकडून हे झालंय. आता चुकलं तर ‘बघ बरं पुस्तकात’ एवढंच म्हणते.