लेस्टरच्या शाळेत धर्म शिकवायचा म्हणजे काय: कोल्हापूरच्या एका मॅडमना उत्तर

मॅडम, तुमचा मेसेज नीट वाचला. कोल्हापुरात प्राथमिकला शिकवता, डी.एड. नंतर बी.ए. केलंय, मिस्टरांना इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नोकरी लागलीय आणि त्यांच्या व्हिसावर तुम्हीही येणार. 'तिथं शाळेत धर्म हा विषयच असतो म्हणे. मी हिंदू बाई ख्रिस्ताबद्दल काय शिकवणार? मुसलमान पालकांना ते चालेल का?' असं विचारलंत. मी शिवाजी पेठेतली, बरीच वर्षं इकडं प्राथमिक शाळेत आहे, त्यामुळं जरा लांबण लावते.

नोकरीचं आधी उरकते. प्राथमिक शाळेत नुसत्या धर्माच्या विषयाला वेगळी शिक्षिका सहसा नेमत नाहीत. वर्गशिक्षिकाच गणित, इंग्रजी, विज्ञान घेते आणि आठवड्यातून तासभर आरईही घेते. आरई म्हणजे रिलिजस एज्युकेशन. इथं शिक्षक म्हणून पक्कं व्हायला क्यूटीएस लागतो, म्हणजे पात्र शिक्षक असल्याचा अधिकृत दर्जा. भारतातल्या शिक्षकांना तो थेट मिळण्याची सोय 2023 पासून झाली, पण ती 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी. प्राथमिकवाल्यांना तो दरवाजा बंद आहे. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे वर्षभराचा पीजीसीई, पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स. त्याला पदवी हवी आणि दहावीच्या पातळीचं इंग्रजी, गणित, विज्ञान हवं. फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची लागण्याची शक्यता धरून चाला. तोवर टीचिंग असिस्टंट म्हणून लागा. हुद्दा खालचा वाटेल, पण इथली शाळा आतून कळते. आणि एक गंमत सांगते. शिक्षकांना तयारीसाठी आठवड्यात जो मोकळा वेळ द्यावा लागतो, त्या वेळात आरईचा तास बऱ्याच शाळांत असिस्टंटच्या गळ्यात पडतो. तुमच्या पथ्यावरच पडेल ते.

आता कायदा. आपल्या राज्यघटनेच्या कलम 28 नं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई आहे. इंग्लंडमध्ये उलट, 1944 च्या कायद्यापासून ते सक्तीचं. पण तेव्हाचा धर्माचा तास म्हणजे बायबलचा तास. 1988 च्या कायद्यानं ठरलं की अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरेला मुख्य जागा असेल, पण देशातल्या बाकीच्या प्रमुख धर्मांचीही शिकवण आणि रीत त्यात आली पाहिजे. त्याच्याही आधी 1975 मध्ये बर्मिंगहॅमनं अनेक धर्म शिकवणारा अभ्यासक्रम काढला होता. त्यात साम्यवादही घातला म्हणून केवढा गदारोळ झाला! हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही, प्रत्येक भागाची समिती आपला अभ्यासक्रम ठरवते आणि दर पाच वर्षांनी तो तपासते. म्हणून इंटरव्ह्यूला जाण्याआधी त्या शहराचा अभ्यासक्रम वाचून जा. चर्चच्या शाळा वेगळ्या. त्यातल्या काही आपल्या पंथाप्रमाणं शिकवतात, अर्जात तुमची श्रद्धाही विचारू शकतात.

सकाळच्या असेंब्लीची आणि आरईची गल्लत करू नका. असेंब्ली आपल्या परिपाठासारखी. कायद्यानं तिचा सूर ढोबळमानानं ख्रिस्ती असावा लागतो, आणि दुसऱ्या धर्मांची मुलं जास्त असतील तर शाळा त्यातून सूट मागू शकते. आरईच्या तासात प्रार्थना नसते, सुविचार नसतो आणि 'सगळे धर्म एकच सांगतात' हेही नसतं. हे शेवटचं आपल्याला जड जातं. मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण तेच तर सांगत आलो. इथं मुलांना फरकही कळायला हवा असतो. येशू ख्रिश्चनांसाठी देवाचा पुत्र, मुसलमानांसाठी ईसा हे पैगंबर, ज्यूंसाठी दोन्ही नाही. तिन्ही घरची मुलं एकाच गालिच्यावर मांडी घालून बसलेली असतात आणि तिघांनाही आपलं म्हणणं बरोबर मांडलं गेलं असं वाटलं पाहिजे. त्यासाठी तुम्ही ख्रिश्चन असायची गरज नाही. 'ख्रिश्चन असं मानतात' म्हणून सांगायचं, पण मन लावून सांगायचं.

कोल्हापूरची शिदोरी कामाला येते का? येते, पण अर्धीच. शाहू महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं काढली, त्या गावात आपण वाढलो. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे याचं आपल्याला नवल वाटत नाही. मोहरमला तालमीत पंजे बसतात तेव्हा पुढं हिंदू पोरंच असतात. पण खरं सांगा, शेजारच्यांचा शिरखुर्मा दरवर्षी ओरपणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी रोजा का धरतात हे विचारलं? सोबत राहण्याची सवय आपल्याला आहे, अभ्यास नाही. तो इथं येऊन शून्यापासून करावा लागतो. आणि मोहरमचे पंजे 'इस्लाम' म्हणून शिकवायला जाल तर वर्गातली मुसलमान मुलंच 'मिस, असं नसतं' म्हणतील. 'माझ्या गावात असं करतात' म्हणून सांगा, मग डोळे विस्फारून ऐकतात.

सगळ्यात मोठा धक्का हिंदू धर्माच्या धड्याला बसेल. पाठात असतं ब्रह्म, त्रिमूर्ती, दिवाळीला राम अयोध्येला परतला, संपलं. अंबाबाई नाही, जोतिबा नाही, खंडोबा नाही. लेस्टरचे हिंदू बहुतेक गुजराती, त्यातले बरेच 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकलल्यावर आलेल्यांपैकी. बेलग्रेव्ह रोडची दिवाळी बघाल तर डोळे दिपतील, पण वसुबारस, अभ्यंगस्नान, पोरांनी मातीचे केलेले किल्ले तिथं दिसायचे नाहीत. मी एकदा जोतिबाच्या चैत्र यात्रेचा व्हिडिओ लावला. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, नाचताहेत, डोंगर गुलालानं गुलाबी झालाय. पुढच्या रांगेतली एक गुजराती मुलगी म्हणाली, 'ही होळी आहे.' शेजारचा पोलिश मुलगा म्हणाला, 'पण ते खांब कशाला?' तास तिथून पुढं आपोआप चालला. एकाच धर्मात घरागणिक किती फरक असतो, हे कुठल्याही वर्कशीटपेक्षा त्यातून लवकर कळलं. जैनांचंही तसंच. इथलं जैन मंदिर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, पूर्वीच्या एका चर्चच्या इमारतीत आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

वर्गातल्या बारीक गोष्टी जपाव्या लागतात. कुराण स्वच्छ हातांनी रेहालवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या घडीच्या स्टँडवर ठेवायचं, जमिनीवर नाही. मुहंमद पैगंबरांचं चित्र कुणाला काढायला सांगायचं नाही. प्रसाद वाटायचा तर आधी तो देवापुढं ठेवलेला आहे हे सांगायचं आणि नको म्हणायची मोकळीक द्यायची. शेंगदाण्याचा लाडू तर आणूच नका, अ‍ॅलर्जीपायी शाळा हाकलून देतील. मार्शमेलोतही जिलेटिन असतं, पाकिटावर बघून घ्या. आणि वर्गात एकच शीख मुलगा असला तर दर वेळी 'तू सांग तुमच्यात काय करतात' म्हणून त्याला उभा करू नका. सहा वर्षांचं पोर अख्ख्या धर्माचा वकील होऊ शकत नाही.

तुम्हाला मुसलमान पालकांची धास्ती आहे. माझ्या मते खरी कसोटी वेगळीच. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये 46.2 टक्के लोकांनी ख्रिश्चन लिहिलं आणि 37.2 टक्क्यांनी 'कुठलाच धर्म नाही'. घरात देव्हारा नाही, क्रॉस नाही, काहीच नाही, अशी मुलं आपल्याला सवयीची नसतात. तीच सरळ विचारतात, 'मिस, देव खरा आहे का? तुम्ही मानता?' मी म्हणते, 'काहीजण मानतात, काहीजण नाही. तुला काय वाटतं आणि का?' स्वतःचं मत मी देत नाही. काही सहकारी देतात. ज्याची त्याची पद्धत.

पालकांना मुलाला आरईतून काढून घ्यायचा कायदेशीर हक्क आहे. पत्र आलं की वाद घालत बसायचं नाही, ते हेडकडं, म्हणजे मुख्याध्यापकांकडं द्यायचं. भेट मात्र मागा. कुठलं पुस्तक, कुठलं चित्र, काय म्हणायला लावणार हे समोर ठेवलं की बरेच पालक निवळतात. आपल्या पोराला दुसऱ्याची पूजा करायला लावणार का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

निघण्याआधी तीन कामं करा. अंबाबाईच्या जोगव्याची परडी, कवड्यांची माळ, दर्ग्याच्या दाराचा नि जैन मठाचा फोटो असं सगळं जमवा. इथल्या शाळेच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे गणपती बघून तुम्हालाच वाईट वाटेल. आणि पासपोर्ट ऑफिसातून पोलीस क्लिअरन्स काढून घ्या, नोकरीच्या वेळी शाळा मागते. पदवीचं प्रमाणपत्र आणि दहावीची मूळ मार्कशीट हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.