उत्तर: भावांतरात क्विंटलमागे 420 रुपये कमी का आले

ताई, तुम्ही लिहिलंय की इंदूरजवळच्या सांवेरकडचं 22 क्विंटल सोयाबीन क्विंटलला 3,600 रुपयांनी गेलं, 2025-26 चा हमीभाव 5,328, म्हणजे भावांतर योजनेत (बाजारभाव हमीभावापेक्षा कमी मिळाला तर फरक देणारी मध्य प्रदेश सरकारची योजना) क्विंटलमागे 1,728 यायला हवे होते आणि आले 1,308. पैसे कुणी कापलेले नाहीत. हिशेबच तसा आहे, फक्त माल मंडीत नेण्याआधी तो कुणी समजावत नाही.

फरक नेहमी तुमच्या विक्रीभावापासूनच मोजत नाहीत. मध्ये मॉडेल भाव असतो, मंड्यांच्या आधीच्या 14 दिवसांच्या सरासरीवरून काढलेला. 7 नोव्हेंबर 2025 ला पहिला जाहीर झाला तो 4,020. त्याच्या वर विकलं तर हमीभावापर्यंतचा पूर्ण फरक मिळतो. खाली विकलं तर 5,328 वजा 4,020, बस. मधले 420 आपल्या खिशातून.

एका कार्यालयाच्या खिडकीवर आम्हालाही ‘कितीलाही विका, बाकीचं सरकार भरेल’ असंच सांगितलं होतं. त्या एका वाक्याइतकं नुकसान आमचं पावसानंही केलं नाही. तिथे बसलेल्या माणसाला हा नियम पाठच असायला हवा, याचा राग अजून जात नाही.

तुमचा माल 3,600 ला गेला तो बहुधा ओलाव्यामुळे. 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की बोली पडतेच. 16 टक्क्यांचा माल 12 वर आणला तर 22 चे 21 क्विंटल होतात, आणि इथेच लोक घाबरून ओला विकतात. पण बघा: ओला विकून 3,600 अधिक 1,308, म्हणजे 4,908; गुणिले 22, म्हणजे 1,07,976. वाळवून 4,100 ला विकला तर फरकासकट 5,328 गुणिले 21, म्हणजे 1,11,888. ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून तीन-चारदा पाय फिरवा. दाणा दाताखाली चेपला तर थांबा, कट्‌कन फुटला तर भरा. काडी-माती 2 टक्क्यांच्या आत हवी.

बियाण्याचं वेगळं काढत असाल तर थ्रेशर मिनिटाला 350-400 फेऱ्यांवरच चालवा, नाहीतर साल तडकते आणि उगवण जाते.

नियम दर हंगामाला बदलतात, तेव्हा पुढच्या वेळी ताजं परिपत्रक वाचूनच निघा. 420 साठी 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार करू नका, टिकणार नाही. मात्र तौल पर्चीवर (वजनाच्या पावतीवर) 22 क्विंटल आहे आणि पैसे कमी वजनावर आलेत असं दिसलं, तर पर्ची आणि भुगतान पत्रक (पैसे दिल्याचा कागद) दोन्ही घेऊन लगेच मंडी समितीत जा.