'देमॉक्रातिया' ही शिवी होती का?

प्रश्न असा आला आहे: "डेमोक्रसी हा शब्द मुळात लोकशाहीच्या विरोधकांनीच तिला हिणवायला काढला, असं वाचलं. यात तथ्य किती? आणि मॉनर्की, ऑलिगार्की यांच्या जोडीला 'डेमार्की' का झालं नाही?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

ग्रीकमध्ये सत्तेसाठीचे दोन शब्द इथे कामाचे. 'आर्खे' म्हणजे आरंभ, आणि त्यावरून अधिकारपद, अंमल. अथेन्समध्ये दरवर्षी नेमले जाणारे नऊ मोठे अधिकारी 'आर्खोन' म्हणून ओळखले जात. मोनार्खिया म्हणजे एकाचा अंमल, ऑलिगार्खिया म्हणजे मूठभरांचा. 'क्रातॉस' या शब्दाला मात्र कचेरीचा वास नाही. होमरच्या काव्यात देवांचा राजा झ्यूस ट्रॉयवाल्यांना क्रातॉस देतो, तेव्हा तो त्यांना खुर्ची देत नसतो, लढाईत त्यांची सरशी करत असतो. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर 'वरचष्मा'. नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या, प्रॉमिथ्यूसला कड्याला जखडल्याची कथा सांगणाऱ्या नाटकात क्रातॉस नावाचं एक पात्रच आहे. सोबत बिया, म्हणजे बळजबरी. ती अवाक्षर बोलत नाही. क्रातॉस मात्र लोहारदेवाच्या मानगुटीवर बसून खिळे नीट ठोकून घेतो. शब्दाचा स्वभाव कळायला एवढा प्रवेश पुरे.

मग देमार्खिया का नाही? साधं कारण असं की ती जागा आधीच भरलेली होती. क्लेइस्थेनीस या पुढाऱ्याने इ.स.पू. 508-507 मध्ये अथेन्सच्या राज्याची घडी बदलली, तेव्हा आजूबाजूची गावं आणि शहरातल्या वस्त्या हा नागरिकत्वाचा पाया ठरवला. अशी सुमारे 139 एककं होती. त्या प्रत्येकाचं नाव 'देमॉस' आणि त्याच्या वर्षभराच्या प्रमुखाचं नाव 'देमार्खॉस'. देमार्खिया म्हटलं की अथेन्सकराच्या डोळ्यांपुढे गावचा पाटील उभा राहणार, राज्यपद्धती नव्हे.

आणि खरी गोम 'क्रातॉस'मध्ये नाहीच, ती 'देमॉस'मध्ये आहे. आपण 'गाव' हा शब्द जागेसाठीही वापरतो आणि माणसांसाठीही: गावाला गेलो, गावाने ठरवलं. देमॉसचं तसंच. एक अर्थ वस्ती. दुसरा अर्थ सगळे नागरिक, म्हणजे प्निक्स टेकडीवर भरणारी सभा. (नागरिक म्हणजे सज्ञान पुरुष. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यात नाहीत, हे विसरून चालत नाही.) अथेन्सच्या शिलालेखांत ठराव सुरू होतो तो 'परिषदेने आणि देमॉसने ठरवलं' अशा शब्दांत. तिसरा अर्थ मात्र टोचणारा: खानदानी आणि पैसेवाले सोडून उरलेले, म्हणजे रयत, सामान्य, हातावर पोट असलेले. आता 'देमॉसचा वरचष्मा', म्हणजेच 'देमॉक्रातिया', म्हणा. कुणावर वरचष्मा? देमॉस म्हणजे सगळेच असतील तर कुणावरच नाही, आपलं आपण बघतो एवढंच. देमॉस म्हणजे गरीब असतील तर अर्थातच श्रीमंतांवर. एकच शब्द उच्चारून दोन माणसं दोन वेगळी वाक्यं बोलत होती.

आता पहिला प्रश्न. विरोधकांनी शब्द पाडला असा थेट पुरावा नाही. आपल्याला सापडणारे सर्वांत जुने वापर हिणवणारे नाहीत. एस्किलसच्या 'याचक स्त्रिया' या साधारण इ.स.पू. 463 च्या नाटकात जोडशब्द अजून आलेला नाही, पण त्याचे दोन्ही तुकडे एका ओळीत आहेत. आसरा मागायला आलेल्या मुली बापाला विचारतात, देमॉसचा सत्ता गाजवणारा हात कुठल्या बाजूला जास्त झाला? बाप सांगतो, सगळ्यांचे उजवे हात असे वर गेले की हवेवर शहारा आला. हात वर करून केलेल्या मतदानाचं इतकं देखणं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि त्यात कुत्सितपणाचा लवलेश नाही.

पूर्ण शब्द भेटतो इतिहासकार हेरोडोटसमध्ये, तोही सहज. अथेन्सच्या लोकांचे गट पाडून देमॉक्रातिया उभी करणारा क्लेइस्थेनीस, असा तो उल्लेख करतो आणि पुढे जातो. पण त्याच्याच ग्रंथात एक गंमत आहे. तिसऱ्या भागात सात इराणी सरदार बसून राज्य कसं चालवावं यावर वाद घालतात. ओतानेस बहुतांच्या राज्याची बाजू घेतो: पदं चिठ्ठीने वाटावीत, अधिकाऱ्याने हिशेब द्यावा, निर्णय सर्वांपुढे यावेत. आणि म्हणतो, याला सर्वांत सुंदर नाव आहे, 'इसोनोमिया'. म्हणजे कायद्यापुढची बरोबरी, समान वाटा. देमॉक्रातिया हा शब्द तो तोंडातून काढत नाही. लगेच मेगाबिझस उठून म्हणतो की निरुपयोगी जमावाइतकं अडाणी आणि उर्मट काही नाही, पुराच्या नदीसारखा तो कामात घुसतो. पुढे सहाव्या भागात हेरोडोटस याच वादाची आठवण काढतो, तेव्हा मात्र ओतानेसने देमॉक्रातिया सुचवली होती असं स्वतःच्या शब्दांत सांगून टाकतो. म्हणजे वकिली करताना एक शब्द आणि नोंद करताना दुसरा. माझा अंदाज असा की शिवी नसली तरी तो शब्द थोडा उघडावाघडा वाटत असावा. 'वरचष्मा' कबूल करण्यापेक्षा 'बरोबरी' म्हणणं समर्थकांना सोयीचं होतं.

हीच अवघडलेली छटा इतिहासकार थुसिडिडीसने दिलेल्या, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या भाषणात दिसते. युद्धात पडलेल्यांच्या अंत्यसंस्काराचं ते भाषण सगळ्यांना ठाऊक असतं, पण नावाचा भाग लोक घाईने वाचतात. कारभार थोडक्यांसाठी नसून बहुतांसाठी चालतो म्हणून आमच्या पद्धतीला देमॉक्रातिया हे नाव पडलं आहे, असं तो म्हणतो, आणि लगेच सावरून घेतो: तंट्यात सगळे समान, पण मान मिळतो तो गुणावर. नावाची बाजू घेताघेता तो नाव मवाळ करतो आहे. थुसिडिडीसचं स्वतःचं मत आणखी थंड आहे. पेरिक्लीसच्या काळात नावाला देमॉक्रातिया होती, प्रत्यक्षात पहिल्या माणसाचं राज्य होतं, असं तो बजावतो. त्याच्या ग्रंथात अथेन्सचा सेनापती अल्किबियाडीस तर तिथून पळून शत्रूकडे, स्पार्टात, गेल्यावर म्हणतो, हुकूमशहाच्या विरोधात जे जे उभं राहतं त्या सगळ्याला देमॉस म्हणतात. आणि दोनच श्वासांनंतर: देमॉक्रातिया हा सर्वमान्य वेडेपणा आहे, त्यावर नवीन काय बोलायचं! समोर स्पार्टाचे लोक बसलेत हे त्याच्या पक्कं लक्षात आहे.

उघड वैरी ऐकायचा असेल तर एका निनावी पुस्तिकेकडे जावं लागतं. झेनोफोन या लेखकाच्या ग्रंथांबरोबर ती चुकून टिकली, लेखन त्याचं नव्हे. अभ्यासक लेखकाला 'म्हातारा ऑलिगार्क' म्हणतात. माझी ही फार आवडती पुस्तिका, कारण एवढा प्रामाणिक विरोधक विरळा. सुरुवातच अशी: अथेन्सच्या लोकांनी ही पद्धत निवडली हे मला पसंत नाही, पण निवडलीच आहे तर ती ते किती हुशारीने सांभाळतात ते दाखवतो. त्याची शब्दांची पेटी बघण्यासारखी आहे. आपले ते 'ख्रेस्तोइ', म्हणजे चांगले, कामाचे. बाकीचे 'पोनेरोइ', म्हणजे हलके, वाईट. वर्गाची नावं आणि नीतीची नावं एकच! मराठीत 'भला माणूस', 'कुळवंत', 'हलकट' हे शब्द कुठून आले याचा विचार केला तर हे फार परकं वाटणार नाही. पण तो शिव्यांवर थांबत नाही. जहाजं कोण चालवतं, असं विचारतो. वल्ही मारणारे गरीब, सुकाणूवाले, नाविकांचे मुकादम. शहराची ताकद त्यांच्या दंडात आहे, चिलखतवाल्यांच्या नाही, मग त्यांना जास्त मिळणं रास्तच. तुम्हाला जो गैरकारभार वाटतो त्याच्याच जोरावर देमॉस बलवान आणि स्वतंत्र आहे, हे तो आपल्या मित्रांना सांगतो. मधेच कुरकुरतो की इथे गुलामाला मारता येत नाही, तो वाट सोडून बाजूलाही होत नाही. का, तर सामान्य नागरिकाचे कपडे गुलामापेक्षा बरे नसतात, चुकून नागरिकालाच थप्पड बसायची. देमॉक्रातिया शब्दातला 'वरचष्मा' इतका स्वच्छ उलगडून समर्थकांनीसुद्धा सांगितलेला नाही.

विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने तर देमॉसला रंगमंचावरच आणलं. इ.स.पू. 424 च्या 'घोडेस्वार' नाटकात देमॉस हा एका घराचा मालक आहे. नोकर त्याची ओळख करून देतात: रांगड्या रागाचा, शेंगदाणे नव्हेत पण घेवड्यासारखे दाणे चघळणारा, चटकन भडकणारा, प्निक्सचा रहिवासी, चिडखोर, जरा बहिरा म्हातारा. दाण्यांचा विनोद आज समजावून सांगावा लागतो. अथेन्समध्ये पदांच्या सोडती दाण्यांनी काढत, म्हणून 'दाणे चघळणारा'. घरात पाफ्लागोनियाचा एक चलाख गुलाम शिरला आहे, तो म्हणजे त्या वेळचा पुढारी क्लेऑन. त्याला हटवायला चौकातला आतड्याची कबाबं विकणारा आणतात. तो म्हणतो, मला धड शिक्षण नाही. उत्तर मिळतं, 'देमागोगिया', म्हणजे देमॉसचं पुढारपण, आता शिकल्यासवरल्याचं काम राहिलेलं नाही. पुढे कोरस, म्हणजे नाटकातला गाणारा चमू, देमॉसला सुनावतो की सगळे तुला सुलतानासारखे भितात, पण कुणीही तुला गोंजारून फसवतं. म्हाताऱ्याचं उत्तर वाचण्यासारखं आहे: वेडे तुम्ही, मी मुद्दाम भोळा बनतो. एकेका चोराला पोसतो, फुगला की ठोसा हाणून सगळं ओकायला लावतो. हे नाटक त्या वर्षीच्या नाट्यउत्सवात पहिलं आलं. बक्षीस देणारेही देमॉसपैकीच, हे नोंदवून ठेवायला हवं.

प्लेटोबद्दल फार लिहीत नाही, त्याचा राग सगळ्यांना माहीत आहे. इ.स.पू. 399 मध्ये त्याचा गुरू सॉक्रेटिसला विष देणारं न्यायमंडळ याच देमॉसमधून चिठ्ठीने निवडलेलं होतं. 'रिपब्लिक'मध्ये तो देमॉक्रातियाला रंगीबेरंगी झगा म्हणतो आणि इथे गाढवंसुद्धा रस्त्यात बाजूला होत नाहीत अशी टवाळी करतो. (म्हाताऱ्या ऑलिगार्कचा गुलाम इथे गाढव झाला.) शब्दचर्चेच्या दृष्टीने त्याचं एक निरीक्षण मोलाचं: एकाच्या आणि थोडक्यांच्या राज्याला बऱ्या-वाईट रूपांसाठी दोन-दोन नावं आहेत, बहुतांच्या राज्याला मात्र कायदा पाळो न पाळो एकच नाव.

अ‍ॅरिस्टॉटलने ही उणीव भरून काढली, पण भलत्या बाजूने. बहुतांच्या चांगल्या राज्याला त्याने 'पोलितेइया' हे नाव दिलं आणि देमॉक्रातिया बिघडलेल्या रूपांच्या रांगेत बसवली. प्रश्नकर्त्याने वाचलेल्या विधानाचं मूळ बहुधा इथेच असावं. तो पुढे स्पष्ट करतो की संख्या गौण आहे, गरिबांच्या हातात सत्ता असणं म्हणजे देमॉक्रातिया. म्हणजे देमॉसचा तिसरा अर्थ त्याने कायम केला. तरी गडी पक्षपाती नाही. एकट्याच्या खर्चाने झालेल्या जेवणापेक्षा अंगतपंगत सरस ठरते, तसा अनेकांचा एकत्रित निर्णय चांगला ठरू शकतो, असंही तोच लिहितो. आणि आपल्याला चक्रावणारी नोंदही त्याचीच: पदं चिठ्ठीने देणं हे देमॉक्रातियाचं लक्षण, निवडणुकीने देणं ऑलिगार्खियाचं. आजचं मतदान केंद्र बघून त्याने कुठला शब्द वापरला असता याचा अंदाज सोपा आहे.

ग्रंथ लिहिणारे बहुतेक खात्यापित्या घरचे होते, तेव्हा त्यांचाच आवाज मोठा ऐकू येतो. देमॉसचा स्वतःचा आवाज दगडावर आहे. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात इ.स.पू. 337-336 चा, युक्रातेसने मांडलेल्या कायद्याचा शिलालेख आहे. त्यावर म्हटलं आहे की देमॉस किंवा देमॉक्रातिया उलथवणाऱ्याला जो मारील त्याला दोष लागणार नाही. वर कोरीव चित्र: दाढीवाला देमॉस बसलेला, आणि देमॉक्रातिया नावाची स्त्री त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवते आहे. तोवर ती देवी झाली होती, तिच्या नावाने बळीही दिले जात. शिवीची कुणी पूजा करत नाही. पंधरा वर्षांत उत्तरेकडच्या मॅसिडोनियाच्या राज्याने ही राजवट मोडली आणि दोन हजार द्राख्मांपेक्षा (द्राख्मा हे तिथलं चांदीचं नाणं) कमी मालमत्ता असलेल्यांचा मताचा हक्क काढून घेतला.

शब्द मात्र वर चढत राहिला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो तेव्हा प्लेटोची अडचण उलट्या बाजूने सुटलेली दिसते. देमॉक्रातिया चांगलं रूप, आणि बिघडलेल्यासाठी वेगळा शब्द: 'ऑख्लॉक्रातिया', ऑख्लॉस म्हणजे जमाव. आपल्याकडे तयारच आहे, झुंडशाही. तो म्हणतो, अशा वेळी राज्याला नावं मिळतात सर्वांत सुंदर, स्वातंत्र्य आणि देमॉक्रातिया, पण वस्तू असते सर्वांत वाईट. ओतानेसला सर्वांत सुंदर वाटलेलं नाव इसोनोमिया होतं, हे ताडून पाहा. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एलियस अरिस्तिदेस हा ग्रीक वक्ता रोमची स्तुती करताना सांगतो की एका सर्वोत्तम शासकाच्या हाताखाली साऱ्या पृथ्वीची मिळून देमॉक्रातिया उभी राहिली आहे. तो शासक म्हणजे रोमचा सम्राट.