सौर पॅनेल दोन किलोवॅटचे की तीन? आधी युनिटचा खरा भाव काढा

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या इंदिरानगरमधील रो-हाउसवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवण्यासाठी दोन लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. मे महिन्याच्या 4,220 रुपयांच्या बिलाला 340 युनिटनी भागून आपण 12 रुपये 41 पैसे हा दर काढलात आणि बचतीचा सगळा हिशेब त्यावर मांडलात. माझी हरकत इथेच आहे.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिले 100 युनिट स्वस्त असतात, 300 च्या पुढचे बरेच महाग. स्थिर आकार मात्र घराला कुलूप असले तरी भरावा लागतो आणि त्यावरही 16 टक्के वीज शुल्क लागते. आपले डिसेंबरचे बिल 150 युनिटना 1,495 रुपये आहे. दोन्ही बिलांची वजाबाकी केली, तर वाढीव 190 युनिटना 2,725 रुपये, म्हणजे युनिटला 14 रुपये 34 पैसे पडतात. एसीने रात्रभरात नऊ युनिट ओढले, तर त्या एका रात्रीचे सुमारे 129 रुपये झाले.

पॅनेलची दिवसा उरलेली वीज महावितरणकडे जाते आणि बिलातल्या युनिटांतून वजा होते, त्यामुळे रात्रीचा वापरही त्यात भरून निघतो. अशी सौर वीज आधी हेच महाग युनिट वाचवते आणि स्वस्त युनिटांकडे शेवटी वळते, म्हणून प्रत्येक पुढच्या किलोवॅटची बचत घटत जाते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असे धरले, तर दोन किलोवॅटचे वर्षाला सुमारे 2,900 युनिट होतात आणि आपला वापर 2,500 चा आहे. तिसऱ्या किलोवॅटची वीज जवळपास सगळी शिल्लक राहील, आणि वर्षअखेरच्या शिलकीला आपण भरतो तो भाव मिळत नाही. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदानही पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये असून तिसऱ्याला 18,000 आहे.

आपल्याला मिळालेल्या दरपत्रकांनुसार अनुदान वजा जाता दोन किलोवॅटचा खर्च 80,000 आणि तीनचा 1,17,000 रुपये होतो. वर्षाची बचत हात राखून 22,000 धरली, तरी दोन किलोवॅटचा खर्च चार वर्षांच्या आत वसूल होतो. जास्तीचे 37,000 रुपये ठेवीत राहिले, तर सात टक्क्यांनी वर्षाला 2,590 रुपये व्याज देतील.

तेव्हा दोन किलोवॅटच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुदान पॅनेल सुरू झाल्यानंतर खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण 1,40,000 रुपये उभे करावे लागतील. त्यासाठी ठेव न मोडता ठेवीवर कर्ज काढावे आणि अनुदानाचे 60,000 येताच त्यात भरावेत. येत्या वर्षभरात विजेवरची स्कूटर घेण्याचा विचार असेल, तर मात्र ऑर्डर देण्यापूर्वी कळवा, कारण मग 2,500 युनिटांचा आकडाच बदलेल.