त्याच जागी पुन्हा जा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे राजमाची आणि माथेरानचे चाळीसच्या चाळीस फोटो दोनदा पाहिले. ढगातून वर आलेला राजमाचीचा मनरंजन बालेकिल्ला सुरेख आला आहे. पण मी रेंगाळलो तो एका वेगळ्याच फोटोपाशी. माथेरानच्या गाडीत दोन डब्यांच्या मधे बसून हाताने ब्रेक फिरवणारा माणूस. चाकावर आवळलेली बोटं, मनगटाला गुंडाळलेला रुमाल, नजर पुढच्या वळणावर. नेरळ-माथेरानची ही दोन फुटी लाइन (दोन रुळांमधलं अंतर दोन फूट) १९०७ साली सुरू झाली आणि तिचा चढ काही ठिकाणी २० फुटांना एक फूट आहे. ती उतरण अशा हातांच्या भरवशावर कशी पार पडते, ते या एका फोटोत दिसतं. मनरंजन अनेकांनी टिपलाय. हा माणूस त्या दिवशी फक्त तुला दिसला.

माझ्याकडे खंडाळ्याच्या घाटातला एक फोटो आहे. आम्ही चार मित्र दात दाखवत उभे आहोत आणि आमच्या डोक्यांमागे अमृतांजन पुलाची अर्धी कमान. मुंबई-पुणे रस्त्यावरचा तो १८३० चा दगडी पूल. त्याच्याखालून मी शेकडो वेळा गेलो असेन. कॅमेरा मांडीवर असायचा, आणि दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला नीट उतरून, वेळ काढून. एप्रिल २०२० मध्ये, सगळे घरात बसलेले असताना, तो सुरुंग लावून पाडला. त्याचे दगड कसे बसवले होते, कमानीच्या आतल्या अंगाला काय होतं, मला सांगता येत नाही. आणि त्या एकुलत्या एका फोटोवर तारीखही नाही. ही हळहळ जात नाही, म्हणून तुला एवढं लिहितोय.

तेव्हा आधी एक वही कर. प्रत्येक चांगल्या फोटोची तारीख, वेळ, कुठे उभी होतीस, तोंड कुठल्या दिशेला होतं, शेजारी कोणतं झाड किंवा दगड होता, हे तिथेच बसून लिही. घरी आल्यावर आठवत नाही. मग वर्षभराने त्याच जागी, त्याच लेन्सने परत काढ. दरड कुठे आली, झाडी कुठे वाढली, नवा खांब कुठे उभा राहिला, हे दोन फोटो शेजारी ठेवले की आपोआप दिसतं. एकाच फोटोवरून ते कधीच कळत नाही.

या खंडाळ्याच्या घाटाचंच, म्हणजे बोरघाटाचंच बघ. १८६३ साली तिथून गाडी धावू लागली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेलं. त्या बांधकामाचे काही फोटो तिने काढलेले म्हणून ओळखले जातात. त्या वेळी घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची चढण चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन सुटलं. पण ते कसं होतं हे बघायला आज जुने फोटो आहेत. कुणीतरी तेव्हा, काम चालू असताना, जड कॅमेरा त्या कड्यावर नेला होता.

पुढच्या वेळी राजमाचीला कोंदिवड्याकडून चढ. कोंढाणे लेणं वाटेवरच आहे. चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाच्या, डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीचं डोकं आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने केलं. समोरून फ्लॅश मारलास तर अक्षरं पार सपाट होतील, काहीच दिसणार नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धर. खाचांत सावली भरते आणि एकेक अक्षर उठून येतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सह्याद्रीत कारागिराचं नाव क्वचित सापडतं. हात मात्र लावू नकोस, खडूने अक्षरं भरू तर नकोसच.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. कोकणाच्या बाजूचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो काळाच दिसणार. दुपार कलल्यावर जा. हवा सगळ्यात स्वच्छ मिळते ती सप्टेंबरात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत.

आता रागावतो. एकतिसावा फोटो तू रुळांच्या मधोमध उभी राहून काढला आहेस. हे परत करायचं नाही. रुळांवर जाणं कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेपेक्षा मला त्या वळणाची भीती वाटते. पावसात, धबधब्याच्या आवाजात, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. घाटातली गाडी हवी असेल तर खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर लांब लेन्स घेऊन बस. नाहीतर कर्जतला प्लॅटफॉर्मवरून बँकर बघ. ३७ फुटांना एक फूट चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून गाडीच्या मागे ही जादा इंजिनं लावतात. जोडणारी माणसं डब्यांच्या मधे वाकून काम करतात. आधी स्टेशनमास्तरांना विचार, मग त्या माणसांना, मगच कॅमेरा काढ.

आणि ब्रेकवाल्याच्या त्या फोटोची मोठी प्रत काढून नेरळला नेऊन दे. मागे तारीख लिही. त्यांचं नाव विचारून तुझ्या वहीत टिपून ठेव, आणि ते किती वर्षं हे काम करताहेत तेही.

तुझा,
काका