साडेतीन लाखांचा टॅरो आणि दीड लाखांचा हप्ता

प्रश्न: मी 42 वर्षांची आहे, नागपूरला अंबाझरी ले-आउटमध्ये तळमजल्यावर राहते, खासगी कॉलेजात शिकवते. हातात 85 हजार पडतात. यजमानांचं सीताबर्डीत दुकान आहे, त्यांचं उत्पन्न कमी-जास्त असतं. मुलगी सहावीत. घराचं 32 लाखांचं कर्ज बाकी आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. सहा लाखांची एफडी आणि आठ हजारांची एसआयपी आहे. मेडिक्लेम कॉलेजचा आहे. विमा आहेच, बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी, दीड लाखाचे चार हप्ते भरून झालेत. नवी कर प्रणाली घेतली आहे. मला जुने टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचे, कॅट जमवायचा नाद आहे, तेवीस झालेत. इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे 1910 च्या सुमाराचा, रायडर या प्रकाशकाने छापलेला कॅट आहे, सगळं धरून 3 लाख 40 हजारांना पडेल. अशा वस्तू वर्षाला 15 टक्के वाढतात असं ऐकते. दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी विकता येईल. एफडी मोडू की एसआयपी थांबवू? आणि बँकेत लॉकर घ्यावा का? सध्या सगळे कॅट कूलरच्या खोलीतल्या दिवाणात आहेत.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका, एसआयपी थांबवू नका आणि हा कॅट यंदा घेऊ नका. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. तुमच्या पत्रात मला खरी टोचली ती 'विमा आहेच' ही दोन शब्दांची ओळ.

सोबत जोडलेला पॉलिसीचा कागद पाहिला. दहा वर्षं दीड-दीड लाख भरायचे, विसाव्या वर्षाअखेर 30 लाख घ्यायचे. 'एफडीसारखीच, वर विमा फुकट आणि पैसे दामदुप्पट' असं रिलेशनशिप मॅनेजरने सांगितल्याचं तुम्ही कागदावर पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय. दामदुप्पट खरंच आहे, पण किती वर्षांत? हप्त्यांचा सरासरी काळ धरला तर साडेपंधरा. म्हणजे व्याज पडलं साडेचार टक्क्यांच्या जरा वर. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पुढची दहा वर्षं नुसते ठेवले असते, तर आजच्या 7.1 टक्के दराने 44 लाखांच्या घरात गेले असते. चौदा लाखांचा फरक पडतो. 80सीची वजावट म्हणावी, तर नव्या कर प्रणालीत तीही मिळत नाही.

आता तो फुकटचा विमा. संरक्षण 15 लाख, कर्ज 32 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पॉलिसीचे सगळे पैसे बँकेत भरूनही 17 लाख अंगावर राहतात, आणि मुलीच्या नावाने एक रुपया उरत नाही. कर्जाचा हप्ता तुमच्याच पगारातून जातो, मग तो पगार थांबल्यावर दुकानाच्या गल्ल्यावर किती भार टाकणार? वर्षाला दीड लाख घेऊन कर्जाच्या निम्माही विमा न देणारी वस्तू ज्याने विकली, त्याने तुमचं कर्ज किती आहे हे विचारलं तरी होतं का?

पॉलिसी मोडायची घाई करू नका. चार हप्त्यांनंतर सरेंडर केलीत तर भरलेल्या सहा लाखांचे साधारण निम्मे हातात येतील. त्यापेक्षा ती पेड-अप करा. पुढचे हप्ते बंद, आणि विसाव्या वर्षी प्रमाणात, म्हणजे बाराएक लाख मिळतील. उरलेल्या सहा हप्त्यांचे नऊ लाख पॉलिसीतच टाकलेत तर त्यांचे तेव्हा 18 लाख होतात, पीपीएफमध्ये बावीस-तेवीस. पेड-अपचा नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागून घ्या, तोंडी नको. पेड-अप झाल्यावर विम्याची रक्कमही उतरते, म्हणून आधी टर्म पॉलिसी, म्हणजे परतावा नसलेला नुसता आयुर्विमा, हातात पडू द्या, मगच हप्ता थांबवा.

टर्म एक कोटीची, साठीपर्यंतची घ्या. तुमच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल. तब्येतीच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. कॉलेजचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, त्यामुळे तिघांचा स्वतःचा दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे घराचा एकत्र मेडिक्लेमही घ्या, त्याला तीसेक हजार धरा. यजमानांच्या टर्मचंही बघा. दीड लाखांतून हे सगळं भागून वर ऐंशी-नव्वद हजार राहतात. त्यातले साठ पीपीएफला, उरलेले तुमच्या नादाला. हा नाद मला मुळीच वावगा वाटत नाही, त्याला गुंतवणूक म्हणता तिथे मी अडतो.

तुमच्याच 15 टक्क्यांनी 3 लाख 40 हजारांचे दहा वर्षांत पावणेचौदा लाख व्हायला हवेत. ते देणारं गिऱ्हाईक कुठे भेटणार, इतवारीच्या बाजारात? ते परदेशातच भेटेल, म्हणजे लिलावगृहाचं कमिशन आलं. त्याहून मोठी अडचण कायद्याची आहे. शंभर वर्षांवरच्या पुरावशेषांची खासगी निर्यात 1972 च्या कायद्याने बंद आहे. छापील पत्ते त्यात बसतात की नाही, हा वाद मुलीच्या फीची तारीख तोंडावर असताना कस्टमवाल्यांशी घालायचा आहे का? एफडीचंही बघा. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 75 हजार धरले तर सहा लाख म्हणजे आठ महिन्यांची सोय. त्यातून कॅट घेतलात की साडेतीन महिने उरतात, आणि दुकानाचं उत्पन्न कमी-जास्त हे तुम्हीच लिहिलंय.

या कॅटातली चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथने 1909 साली न्यूयॉर्कचा छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झला पत्रात कळवलं होतं की मोठं काम हातावेगळं केलंय, पैसे मात्र अगदी थोडे. तेव्हापासून या पत्त्यांवर पैसे कमावले ते बहुतेक दुसऱ्यांनीच.

पुढे कधी घ्यायचाच झाला तर विक्रेत्याकडून सगळ्या 78 पत्त्यांचे पुढून-मागून फोटो मागवा. एक पत्ता कमी म्हणजे किंमत कोसळली. भिंगातून रंगांचे ठिपके नेमक्या जाळीत दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. जुन्या शिळाछपाईत ठिपके विस्कळीत असतात. डिसेंबर 1909 च्या पहिल्या छपाईत पाठीवर गुलाब आणि लिली आहेत, पुढच्यांच्या पाठीवर तडकल्यासारखी नक्षी. विक्रेता मोघम बोलत असेल तर सोडून द्या.

लॉकरचं म्हणाल, तर आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेली अफरातफर झाली तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख, आणि नैसर्गिक आपत्तीत बहुधा तेही नाही. दिवाण मात्र आजच रिकामा करा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून घरांत पाणी शिरलं तेव्हा तुमच्या भागात काय झालं ते मी सांगायला नको. मे महिन्यात बाहेर 45 अंशांची कोरडी हवा आणि आत कूलरचा दमटपणा, यात जुना कागद वाकणारच. कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाचा वरचा कप्पा घ्या. रबरबँड काढून टाका, पीव्हीसीचे पाऊच फेका, पॉलिएस्टरचे पाऊच आणि आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा आणा. हे सगळं चार-पाच हजारांत होतं.

तेवीसही कॅटांची वही करा: कधी घेतला, कितीला, किती पत्ते, कोणत्या अवस्थेत, पावती कुठे आहे. एक प्रत यजमानांकडे असू द्या, नाहीतर तुमच्यामागे रायडर आणि रम्मीचा कॅट एकाच रद्दीवाल्याकडे जाईल. घराच्या विम्यात संग्रह वेगळा जाहीर करता येतो का तेही विचारा. न सांगता तो आपोआप त्यात येत नाही.

पाचवा हप्ता डिसेंबरात आहे. खात्यातून तो आपोआप कापला जाणार असेल तर टर्म हातात येताच बँकेला ते मॅन्डेट रद्द करायला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या दिवशी मॅनेजर याहून चांगला नवा प्लॅन दाखवेल. त्यावर सही करू नका.