चौथी शिकलेली नोबेलवाली

प्रश्न: ताई, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. आमच्या भिशीत सगळ्या म्हणतात दहावी नापास बाई काय कादंबरी लिहिणार! बेटावरची कुणी कमी शिकलेली लेखिका होती म्हणे, खरंय का?

उत्तर: अगं खरंय, ग्रात्सिया देलेद्दा. १८७१ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या नुओरो गावी जन्मली, शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पुढे घरीच थोडंफार शिकली आणि बाकी मिळेल ते वाचत गेली. विशीच्या आतच तिच्या गोष्टी रोमच्या नियतकालिकात यायला लागल्या, तर गावात बोंबाबोंब, पोरीच्या जातीनं असलं प्रेमाबिमाचं लिहायचं म्हणजे काय! (आपल्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, काकू आठवल्या ना?) तिची ती 'कोझिमा' कादंबरी आहे ना, बरीचशी स्वतःवरच बेतलेली, त्यात पोरगी टपालखर्चासाठी घरातलंच तेल चोरून विकते, मला तर तो प्रसंग फारच आवडतो. १९०० मध्ये लग्न करून रोमला गेली पण लिहिलं बहुतेक सार्डिनियाबद्दलच, जशी तिची १९१३ ची कादंबरी, त्यात पडका वाडा, तीन बहिणी अन् त्यांचा म्हातारा गडी. पुढे १९२६ चं नोबेल मिळालं, साहित्यात ते मिळवणारी दुसरीच बाई. भिशीत हे सांग, आणि वही आजच काढ.